बाळ ज. पंडित : क्रिकेटला मराठी वाचा देणारा समालोचक

आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन मराठीतून करणाऱ्या आद्य समालोचकांमध्ये बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९२९ मध्ये जन्मलेले पंडित रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्राच्या संघाकडून खेळले. पुढे ते आकाशवाणीचे समालोचक म्हणून घरोघरी पोहोचले आणि क्रिकेट या विषयावर त्यांनी मराठीत विपुल लेखन केले. सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. खेळाडू, समालोचक आणि लेखक या त्यांच्या तिन्ही भूमिकांमागे एकच सूत्र होते. इंग्रजी जाणणाऱ्या नागर वर्गाचा समजला जाणारा हा खेळ मराठी माणसाला त्याच्या भाषेत समजला पाहिजे, हे ते सूत्र.

पंडित यांची कर्मभूमी पुणे. मात्र समालोचकाच्या कामाचे मोल तो ज्या मैदानावर बसून बोलतो तेथे कळत नाही. मैदानावरच्या प्रेक्षकाला त्याची गरज नसते. तो स्वतःच्या डोळ्यांनी सारे पाहत असतो. ज्यांनी ते मैदान कधी पाहिले नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, अशा श्रोत्यांच्या गावी ते मोल कळते. लातूर जिल्ह्यातील देवणी हे असेच एक गाव.

मैदानापासून दूर

देवणीचे नाव राज्याबाहेरही ठाऊक आहे ते प्रामुख्याने देवणी गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा या तीन प्रकारांत आढळणारा हा गोवंश दूध आणि शेतीकाम या दोन्हींसाठी नावाजलेला आहे. गाव कर्नाटकाच्या सीमेलगत. निजामाच्या राजवटीत हा सारा भाग हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडण्यात आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९९ मध्ये देवणी हा स्वतंत्र तालुका झाला. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात आजही ऐकू येतात.

या गावाला कसोटी क्रिकेटचे सर्वांत जवळचे मैदान मुंबई वा पुण्याचे नव्हते, ते हैदराबादचे होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी सामना झाला, तेव्हा देवणी हैदराबाद राज्यातच होती. त्या सामन्यात पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. कसोटी क्रिकेटमधील ते भारताचे पहिले द्विशतक. उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा. म्हणजे मराठी मुलखात जन्मलेल्या फलंदाजाने आपल्याच राज्याच्या राजधानीत हा विक्रम केला होता. तरीही गावातील किती जणांना तो पाहणे शक्य होते? पुढील ३३ वर्षांत त्या मैदानावर आणखी केवळ दोन कसोटी सामने झाले, १९६९ मध्ये आणि १९८८ मध्ये; तेही न्यूझीलंडविरुद्धच. साहजिकच देवणी-उदगीरच्या पंचक्रोशीतील पिढ्यांना कसोटी क्रिकेट भेटले ते कानांवाटे.

या भागाचा स्वतःचा खेळ कुस्तीचा. जत्रेतील फड, हलगीचा कडकडाट, लाल मातीचा आखाडा आणि नारळापासून सुरू होऊन मानाच्या गदेपर्यंत चढत जाणाऱ्या लढती, हे येथील क्रीडाजीवन. देवणीच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरा येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते १९७२ मध्ये, तेव्हा आपल्या मातीतील मल्लाचे ते यशही मराठवाड्याला दुरूनच ऐकावे आणि वाचावे लागले. क्रिकेटच्या मराठी परिभाषेवर या कुस्तीचा ठसा कसा उमटला, हे पुढे पाहता येईल.

इंग्रजीतील आरंभ

इंग्लंडमध्ये बीबीसीने १९२७ मध्ये क्रिकेटचे धावते वर्णन सुरू केले. भारतात ते आले १९३४ मध्ये, मुंबईतील चौरंगी स्पर्धेच्या निमित्ताने. ए. एफ. एस. तल्यारखान ऊर्फ 'बॉबी' हे या क्षेत्रातील पहिले मोठे नाव. पारशी कुटुंबात जन्मलेले तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत आणि केवळ उपाहार व चहापानाला थांबत. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हा आकाशवाणीने ध्वनिक्षेपक अन्य समालोचकांसमवेत वाटून घेण्यास सुचवले. ते त्यांना मान्य झाले नाही आणि ते बाजूला झाले. तेव्हापासून एकाऐवजी दोघा-तिघा समालोचकांनी आळीपाळीने बोलण्याची पद्धत रूढ झाली.

तल्यारखान यांचे इंग्रजी ओघवते होते, परंतु ते इंग्रजी होते. मुंबईच्या जिमखान्यांच्या वर्तुळात, फार तर महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ते समजत असे. निजामी अमलात उर्दूतून शिकलेल्या मराठवाड्याच्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. पुढे हिंदी समालोचन सुरू झाल्यावर श्रोत्यांचा परीघ विस्तारला. बंगालीत अजय बसू व कमल भट्टाचार्य यांनी कोलकात्याहून समालोचनाची स्वतंत्र परंपरा निर्माण केली. मराठीत हे कार्य ज्यांनी हाती घेतले त्यांत बाळ ज. पंडित आघाडीवर होते.

महाराष्ट्राचा खेळाडू

पंडित ज्या पुण्यात वाढले त्या पुण्याच्या क्रिकेटला तेव्हा मोठा वारसा होता. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध पुण्यातच नाबाद ४४३ धावा केल्या. ४५२ धावांचा ब्रॅडमन यांचा तत्कालीन विक्रम दृष्टिपथात असतानाच प्रतिस्पर्धी कर्णधाराने खेळ पुढे चालवण्यास नकार दिला आणि तो डाव तेथेच थांबला. पंडित तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. निंबाळकरांच्या त्या डावाचे चित्रीकरण आज उपलब्ध नाही. तो उरला आहे धावफलकात आणि सांगणाऱ्यांच्या शब्दांत. खेळ संपतो, मागे राहतात ते शब्द, हा धडा त्या पिढीने असा घरातच गिरवला.

महाराष्ट्राच्या संघाकडून पंडित स्वतः प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. हा संघ केवळ पुण्याचा नव्हे. मुंबई आणि विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्र त्याच्या कक्षेत येतो. लातूर आणि नांदेडही त्यातच. त्यामुळे पंडित ज्या संघाची टोपी घालून खेळले तो संघ देवणीच्या श्रोत्याचाही होता.

खेळाडू म्हणून मिळालेला अनुभव समालोचनात कामी आला. गोलंदाजाने चेंडू कोणत्या टप्प्यावर टाकला, फलंदाजाचे पाऊल पुढे आले की मागे गेले, कर्णधाराने क्षेत्ररक्षक नेमका कशासाठी हलवला, हे मैदानावर उभे राहिलेल्या माणसाला चटकन कळते. चेंडू सीमेपार गेला हे कोणीही सांगू शकतो. तो का गेला हे सांगण्यासाठी खेळ अंगात मुरलेला असावा लागतो.

न दिसणारे दाखवण्याची कला

रेडिओवरील समालोचन ही बोलण्याची अत्यंत काटेकोर कला आहे. श्रोत्यासमोर चित्र नसते. कोण कोणाला गोलंदाजी करीत आहे, कोणत्या बाजूने करीत आहे, धावसंख्या किती, गडी किती बाद, ही माहिती सतत नव्याने द्यावी लागते. कारण प्रत्येक क्षणी कोणी तरी नुकताच रेडिओपाशी येऊन बसलेला असतो. शेतातून परतलेला माणूस सर्वप्रथम 'स्कोअर किती?' हेच विचारतो. त्याचे उत्तर देऊन पुन्हा खेळाच्या ओघात शिरावयाचे, आणि तेही पुढचा चेंडू पडण्यापूर्वी, ही तारेवरची कसरत आहे. दूरचित्रवाणीवर समालोचक गप्प राहिला तरी चित्र बोलत राहते. रेडिओवर मौन म्हणजे अंधार.

मराठीत बोलणाऱ्यासमोर आणखी एक अडचण होती. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'गोलंदाजाने टाकलेला चेंडू फलंदाजाने कव्हरमधून सीमापार टोलवला' हे वाक्य लिखाणात सुबक दिसते. बोलताना मात्र 'टोलवला' हा शब्द येईपर्यंत चेंडू सीमेवरून परतही आलेला असतो. त्यामुळे समालोचनाच्या मराठीने वाक्याची बांधणी बदलली. क्रियापद पुढे आले आणि वाक्ये तुटक, छोटी झाली. आला चेंडू, पुढे येऊन मारला, गेला कव्हरमधून, चार धावा. दुसरीकडे, क्रियापद शेवटी येण्याच्या सवयीचा लाभही झाला. चेंडू उंच उडाला, खाली क्षेत्ररक्षक धावतो आहे, आणि झेल... इथपर्यंत वाक्य आले की 'घेतला' की 'सुटला' यासाठी श्रोत्याचा श्वास रोखला जाई. वाक्याच्या शेवटी दडलेल्या क्रियापदाने मराठी श्रोत्याला अशी एका क्षणाची उत्कंठा बहाल केली.

समालोचक, त्याचे सहकारी, शेजारी बसलेला गुणलेखक आणि आवाज केंद्रापर्यंत वाहून नेणारी तार, इतकीच या कामाची सामग्री. बाह्यप्रक्षेपणाच्या त्या मर्यादित व्यवस्थेतून निघालेला आवाज मध्यम लहरींवरून दूरवर जाई. १९५३ मध्ये पुण्यात आणि १९६८ मध्ये परभणीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. साठच्या दशकापासून विजेविना, बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोहोचू लागला. वीज न आलेल्या वस्तीतही मग खेळ पोहोचू लागला. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, तेव्हा देशभरातील श्रोत्यांसाठी तो विजय म्हणजे रेडिओतील आवाजच होता.

आखाड्यातून आलेले शब्द

मराठी समालोचनाचे चिरस्थायी देणे म्हणजे क्रिकेटची मराठी परिभाषा. ती कोणा एकाची निर्मिती नव्हे. वृत्तपत्रांची क्रीडापाने आणि आकाशवाणी यांनी ती मिळून घडवली. वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडा पत्रकारांनी ती छापील पानावर रुजवली; पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी ती बोलून दाखवली. लिहिलेला शब्द डोळ्यांना चालतो. तो तोंडात बसतो की नाही, हे ध्वनिक्षेपकासमोरच कळते. उच्चाराला जड, ऐकायला अनोळखी असे शब्द तेथे टिकत नाहीत.

या परिभाषेचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. 'यष्टी', 'षटक', 'क्षेत्ररक्षण' हे शब्द संस्कृतातून आले. 'चौकार' आणि 'षटकार' ही जोडी एकाच साच्यातून घडली. परंतु फलंदाज बाद होण्याचे प्रकार सांगताना मराठीने आधार घेतला तो आखाड्याचा. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत या सर्वांमधील 'चीत' हा शब्द मल्लाची पाठ मातीला लागल्यावर उच्चारला जाणारा. 'डाव' कुस्तीतही असतो. फक्त तेथे तो पेच असतो आणि येथे संपूर्ण संघाची फलंदाजी. लढतीच्या आरंभी मल्ल एकमेकांना सलामी देतात. क्रिकेटमध्ये डावाचा आरंभ करणारा फलंदाज 'सलामीवीर' ठरला.

देवणीसारख्या गावाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. 'बोल्ड' म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही 'चीत' म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. परका खेळ परिचित शब्दांचा अंगरखा घालून आला आणि त्यामुळे तो परका राहिला नाही. खेळाचे नियम कळण्याआधी त्यातील हारजीत कळली. पुष्कळांच्या बाबतीत नियम त्यानंतर, ऐकता ऐकताच कळले.

मात्र भाषांतराचा अट्टहासही धरला गेला नाही. स्लिप, गली, कव्हर, मिडऑन, थर्डमॅन ही क्षेत्ररक्षणाची स्थाने इंग्रजीच राहिली. गुगली आणि यॉर्करही तसेच. याचे कारण व्यावहारिक होते. बाद होणे, धाव मिळणे, षटक संपणे या घटना श्रोत्याला अर्थासह कळणे आवश्यक होते. स्थानांची नावे ही पत्त्यासारखी होती आणि पत्त्याचे भाषांतर करण्याची गरज नसते. कोठे मराठी वापरायचे आणि कोठे इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा, हा विवेक त्या पिढीच्या समालोचकांनी दाखवला. म्हणूनच ही परिभाषा कोशात अडकून न पडता गल्लीतील पोरांच्या तोंडी गेली.

लेखणीची साथ

आवाज हवेत विरतो, याची जाणीव समालोचकाइतकी कोणाला असणार? पंडित यांनी बोलण्याच्या जोडीला लेखनही सातत्याने केले. क्रिकेट आणि क्रिकेटपटू या विषयावर त्यांची अनेक पुस्तके प्रसिद्ध झाली. सुनील गावसकर यांचे 'सनी डेज' हे इंग्रजी आत्मकथन १९७६ मध्ये प्रकाशित झाले. ते मराठीत आणले पंडित यांनी. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा करणाऱ्या या मुंबईकर मराठी फलंदाजाने आपली कहाणी इंग्रजीत लिहिली होती. ती त्याच्याच मातृभाषेच्या वाचकांना उपलब्ध करून देणे, हे पंडित यांच्या समालोचनाच्याच जातीचे कार्य होते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांवर विसंबून असणाऱ्या वाचकाला क्रिकेटचे साहित्य मराठीत मिळू लागले ते अशा पुस्तकांमुळे.

चित्र आले, आवाज मागे पडला

१९८२ मध्ये दूरचित्रवाणी रंगीत झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले. डिसेंबर १९८४ मध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला. दिलीप वेंगसरकर यांनी १०५ धावा केल्या. पण माइक गॅटिंग यांच्या नाबाद ११५ धावांच्या बळावर इंग्लंडने चार गडी राखून विजय मिळवला. मोठे क्रिकेट पुण्यात येत होते, त्याच सुमारास श्रोत्याचा प्रेक्षक होऊ लागला होता. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. खेळ सर्वांना दिसू लागला. तथापि त्याची भाषा पुन्हा प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदी झाली. जो श्रोता आपल्या भाषेत खेळ ऐकत होता, तो आता चित्र पाहून समाधान मानू लागला. ही प्रगती होती हे निर्विवाद. पण प्रादेशिक भाषेतील समालोचनाचे व्यासपीठ त्यात आक्रसले हेही तितकेच खरे.

मराठवाड्याचे खेळाडू राष्ट्रीय संघात पोहोचले तेही याच काळात. डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्धच्या एकाच कसोटीत बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी या दोघांनी पदार्पण केले. मराठवाड्यातील दोन खेळाडू एकाच दिवशी भारताची टोपी घालतात, ही घटना या विभागाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिली. ती मराठीत ऐकण्याचे भाग्य मात्र पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला लाभले नाही.

पुढे चक्र फिरले. २०२३ च्या आयपीएल स्पर्धेचे प्रक्षेपण 'जिओसिनेमा'ने मोबाइलवर बारा भाषांतून केले आणि त्यांत मराठी होती. महाराष्ट्राचा फलंदाज केदार जाधव त्या मराठी समालोचन चमूत होता. स्पर्धा सुरू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळाडू म्हणून बोलावले आणि तो समालोचन कक्षातून उठून मैदानाकडे गेला. पंडित महाराष्ट्राकडून खेळून ध्वनिक्षेपकाकडे आले होते. येथे त्याच संघाचा खेळाडू ध्वनिक्षेपक सोडून पुन्हा खेळाकडे निघाला. पंडित यांना हे पुनरागमन पाहता आले नाही. परंतु नव्या समालोचकांना शब्द शोधत बसावे लागले नाही. षटक, निर्धाव, पायचीत, सलामीवीर हे सारे तयार होते.

ग्रामीण महाराष्ट्रात या परंपरेचा आणखी एक धागा टिकून आहे. टेनिस चेंडूच्या स्पर्धा आज गावोगावी भरतात. कापणी झालेल्या रानात वा शाळेच्या पटांगणात चुन्याने सीमारेषा आखली जाते, कडेला मंडप उभारला जातो आणि ध्वनिक्षेपक हाती घेऊन कोणी तरी तरुण मराठीत धावते वर्णन करीत असतो. त्याच्या बोलण्यात कुस्तीच्या फडातील निवेदकाची ललकारी असते आणि आकाशवाणीवरून आलेली परिभाषाही. बाळ ज. पंडित हे नाव त्याने ऐकलेले असेल वा नसेल. 'त्रिफळाचीत!' असे तो मोठ्याने ओरडतो, तेव्हा मंडपातील म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांना काय झाले ते कळते. एखाद्या समालोचकाने आपल्या भाषेसाठी याहून अधिक काय ठेवून जावे?